यादीतलं पंधरावं नाव

पोटात दुखतंय म्हटलं की आपल्याकडं लगेच कुणीतरी ओवा काढून देतं. संयोगिता चव्हाणच्या पोटात जे दुखायला लागलं ते ओव्यानं जाणारं नव्हतं. दुखणं सुरू झालं एका मंगळवारी, आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत. उचगावातल्या नि आसपासच्या वीस-बावीस आशाताई सतरंजीवर बसल्या होत्या, आणि डॉक्टर प्रियदर्शनी मॅडम भिंतीवरच्या नकाशावर चौथी लाल टिकली लावत होत्या.

हा नकाशा मॅडमनी स्वतः काढलेला. गावातल्या सगळ्या गल्ल्या, वरचा माळ, आणि खाली कागलच्या एमआयडीसीपर्यंत गेलेला रस्ता. कुष्ठरोगाचा नवा रुग्ण सापडला की त्याच्या घराच्या जागी एक टिकली. नाव नाही, काही नाही. ऑफिसातल्या पिना संपल्या तेव्हा मॅडमनी राजारामपुरीतून बायकांच्या कपाळाच्या टिकल्यांचं पाकीट आणलं, आणि तेव्हापासून सरकारी भिंतीवर त्याच चिकटत होत्या.

"एका टिकलीवरून मला काही कळत नाही," मॅडम म्हणायच्या. "चार लागल्या की रोग कुठल्या रस्त्यानं चाललाय ते दिसायला लागतं. हा रोग संपला असं आपण धरून बसलो होतो. तो कुठं गेला नव्हता, आपण बघायचं सोडलं होतं."

त्या दिवशी टिकली लावून त्या वळल्या. "आणि ही चौथीसुद्धा नजीराताईंचीच. वाजवा टाळ्या."

सगळ्यांनी वाजवल्या. संयोगितानं दोन वाजवल्या आणि पदर सारखा करायचं निमित्त करून हात खाली घेतले.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण मॅडमचं बोट नकाशावरून सरकत सरकत येऊन नेमकं संयोगिताच्या भागावर थांबलं. खालची गल्ली आणि तिच्या मागची वस्ती. चारी बाजूंना टिकल्या आणि मधे हा एवढा मोठा कोरा तुकडा.

"संयोगिताताई, इथं एकही कसा नाही?"

"रोगच न्हाय तर कुठनं आणू मॅडम?"

बायका हसल्या. मॅडमही हसल्या, पण बोट काढलं नाही. "नसेल तर चांगलंच आहे. पण सगळ्या बाजूंनी आहे आणि मधे नाही, असं सहसा होत नाही. जरा नीट बघा."

जरा नीट बघा! चौदा वर्षं झाली होती संयोगिताला या कामात. पावसातनं, चिखलातनं बाळंतिणी नेल्या, कोरोनात दारोदार फिरली, गल्लीतलं एकेक पोर तिच्या हातनं लस घेऊन मोठं झालं. 'माझा भाग म्हंजी धुतल्या तांदळासारखा,' असं ती दर वर्षी छाती काढून सांगायची आणि जुने डॉक्टर मान डोलवायचे. आता ही नवी मॅडम आली आणि तेच शून्य म्हणजे कामचुकारपणा झाला. तोही कुणाच्या देखत, तर नजीराच्या!

नजीरा मुल्लाणी चार वर्षांपूर्वी कामाला लागली तेव्हा तिला रजिस्टर कुठल्या बाजूनं उघडायचं ते ठाऊक नव्हतं. शिकवलं कुणी? संयोगितानं. 'आधी चहा घ्यायचा, मग चट्टा इचारायचा. खाज सुटत असंल तर बहुतेक आपला न्हवं. डोळं मिटायला लावायचं, पेनाचं टोक लावायचं आणि कुटं लागलं म्हणून इचारायचं. कोपरापाशी शीर दुखती म्हटलं तर रजिस्टर-बिजिस्टर बाजूला, त्याच दिवशी दवाखाना.' अक्षरन् अक्षर हिचं. गुरूची विद्या गुरूला फळली म्हणतात ती अशी.

आणि नजीरानं त्या विद्येला आपलं एक ठिगळ लावलं होतं. ती घरी ब्लाउज शिवायची. बायका माप द्यायला यायच्या, पाठमोऱ्या उभ्या राहायच्या. नजीरा टेप लावता लावता विचारायची, "वैनी, हितं टेप टेकल्याली कळतीया का?" आणि बाई म्हणायची, "कुटं?" चारातले दोन रुग्ण तिनं असे शोधले होते. परीक्षा नाही, प्रश्न नाहीत, बाईला लाज नाही की भीती नाही.

"ही काय रीत झाली?" संयोगिता घरी येऊन नवऱ्यापुढं फणफणली. "मापं घेता घेता रोग शोधायचा! ही तर शुद्ध चीटिंग हाय."

बाळासो कागलला एका कारखान्यात लेथवर होता. आठ तास लोखंडाचा आवाज ऐकून आलेला माणूस. त्यानं भाकरी मोडली. "लोकांच्या घरात रोग सापडंना म्हणून रडणारी बाई मी पयल्यांदाच बघालोय."

"तुमी भाकरी खावा."

"खातोयच की."

दुसऱ्या दिवसापासून खालच्या गल्लीला काही सुख राहिलं नाही. संयोगिता सकाळी आठला घराबाहेर पडायची ती कुणाचा तरी चट्टा बघितल्याशिवाय परत यायची नाही. विठाबाई दारात शेंगा फोडत बसलेली, तिचा दंड हिनं धरला. "ह्यो डाग कवाचा?"

"माझ्या लग्नातला. चुलीतलं लाकूड लागलंय."

"डोळं मिटा बघू."

"अगं, काल मिटलं, परवा मिटलं! तुझ्या नादानं एक दिस कायमचं मिटतील."

आण्णा म्हणून एक म्हातारा होता, त्याच्या पोटरीवर हिनं पेन टेकवलं तर तो टेकवायच्या आधीच 'लागलं, लागलं' म्हणून ओरडायचा आणि टेकवल्यावर गप्प बसायचा. दोन दिवस हिनं त्याच्यावर आशा ठेवली. आठवड्याभरात असे पाच जण गोळा करून ती केंद्रावर घेऊन गेली. मॅडमनी पाचही जणांना नीट तपासलं. दोघांना गजकर्ण, एकीला वांग, आण्णाची जन्मखूण, आणि विठाबाईचं खरोखरच चुलीतलं लाकूड.

बाहेर व्हरांड्यात नजीरा भेटली. बिचारीच्या मनात काही नव्हतं. "अक्का, खाज सुटत असंल तर बहुतेक आपला नसतोय तो," ती हळूच म्हणाली.

मलाच? संयोगिताच्या अंगाचा तिळपापड झाला. माझंच वाक्य, मलाच? ती घरापर्यंत चालत आली आणि वाटेत भेटलेल्या दोघींशी कारण नसताना भांडली.

आणि मग तीन तारखेला, रविवारी, तेजस्वी सापडली.

तेजस्वी ही शालूबाईची मुलगी, चार घरं सोडून राहणारी. एकवीस वर्षांची. शालूबाईच्या दोन म्हशी, बाप नाही, आणि ही पोरगी कागलला कपड्याच्या एका कारखान्यात शिलाई मशीनवर. रोज सकाळी कंपनीची बस चौकात यायची. कॉलर जोडायच्या कामात तिचा हात लाइनीत सगळ्यात पुढं. सुपरवायझर नव्या पोरींना सांगायचा, तेजस्वीच्या बोटांकडं बघा, माझ्याकडं बघू नका. हे ती स्वतःच कौतुकानं सांगायची, आणि का सांगू नये? घर त्या बोटांवर चाललं होतं. शिवाय मुरगूडकडच्या पावण्यांनी तिला बघून पसंत केलं होतं.

रविवारी ती दारात केस वाळवत बसली होती. उजव्या हाताच्या कोपराखाली एक चट्टा संयोगिताला दिसला. फिकट तांबूस, रुपयापेक्षा मोठा, कडा उचललेल्या, मधे लव नाही.

"ह्यो कवापास्नं गं?"

"झालं की वर्ष. काय दुखत न्हाय, खाजत न्हाय."

संयोगितानं पेन काढलं. "डोळं मीट."

पेनाचं टोक बाजूच्या कातडीवर टेकवलं. तेजस्वीनं बरोबर बोट ठेवलं. चट्ट्यावर टेकवलं. काही नाही. परत टेकवलं, जरा दाबून. पोरगी डोळे मिटून शांत बसलेली.

"लाव की काकू. किती येळ डोळं मिटून बसू?"

सापडलं! खोटं कशाला बोला, संयोगिताला आनंद झाला. ज्या पोरीला तिनं कडेवर घेऊन पोलिओचे थेंब पाजले होते, तिच्या हातावरचा तो मेलेला चट्टा बघून तिच्या मनात लाह्या फुटल्या. तो आनंद तिला स्वतःलाच जरा विचित्र वाटला, पण तो काही तेवढ्यानं कमी झाला नाही.

"कोपराला जरा ठणकतंय मातूर," तेजस्वी म्हणाली. "आज सकाळपास्नं. मशीनवर बसून असंल."

हे वाक्य संयोगितानं ऐकलं. नीट ऐकलं. त्याचा अर्थ तिच्याइतका त्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हता. तिनं ठरवलं की उद्या सकाळी पहिल्या रिक्षानं हिला केंद्रावर न्यायचं.

पण त्याच संध्याकाळी नजीरा दारात आली, वही घेऊन.

"अक्का, एक काम हुतं. माझी चौथी जी सापडली न्हवं का, ती पोरगी कागलच्या त्या कपड्याच्या कंपनीत जाती. दोन वर्षं झाली, रोज तासभर एका बसमधनं, एकमेकींच्या मांडीला मांडी लावून. मॅडम म्हणाल्या, त्या बसच्या सगळ्या पोरी तपासूया. तुमच्या गल्लीतल्या कोण कोण हाईत तेवढी नावं सांगा की."

बघा आता. संयोगिताच्या डोळ्यांपुढं तो नकाशा उभा राहिला. उद्या तेजस्वीला नेली तर मॅडम टिकली लावणार, आणि मग पेन घेऊन नजीराच्या चौथ्या टिकलीपासून एक रेघ ओढणार ती थेट तेजस्वीच्या घरापर्यंत. 'शाब्बास नजीराताई, तुमचा अंदाज बरोबर निघाला.' चौदा वर्षांत पहिली केस, आणि तीही नजीराच्या रेघेच्या टोकाला लोंबणार. म्हणजे जन्म हिनं द्यायचा आणि बारशाचे पेढे तिनं वाटायचे!

आणि सतरा तारखेपासून शोध मोहीम सुरू होणार होती. जिल्ह्याचे साहेब येणार होते, आणि भाग कोरा म्हणून मॅडमनी सुरुवातच खालच्या गल्लीतनं ठेवली होती. साहेब गल्लीत उभे, मॅडम शेजारी, बाकीच्या आशा मागं, आणि संयोगितानं पहिल्याच तासाला सगळ्यांच्या देखत पेन टेकवून रुग्ण दाखवायचा. तो मान कुणाच्या रेघेवरचा नसता. चौदाच दिवसांचा तर प्रश्न. वर्षभर अंगावर बसलेला रोग, त्याला चौदा दिवसांनी काय होतंय?

"लिव," संयोगिता म्हणाली.

ती एकेक नाव सांगत गेली आणि नजीरा दारातच उभी राहून हातावर वही धरून लिहीत गेली. मेहक, राजश्री, वरच्या घरातल्या दोघी जावा. चौदा नावं झाली.

"एवढीच?"

"एवढीच."

"लई उपकार झालं अक्का," नजीरा म्हणाली आणि वही पिशवीत घालून गेली.

रात्री तेजस्वीला तिनं गोठ्यापाशी गाठलं. "हे बघ, घाबरायचं न्हाय. गोळ्यांनी पूर्ण बरा हुतोय, आणि गोळी सुरू झाली की दुसऱ्याला लागत बी न्हाय. पर आत्ताच कुणाला बोलू नगंस. आईला सुदीक न्हाय. पावणं बघून गेल्यात, उगं तोंडातनं तोंडाकडं जायाचं. सतराला मी स्वतः तुझं सगळं करतो. नजीराआपा येऊन इचारली तर कायबी न्हाय म्हणायचं."

"बरं काकू," तेजस्वी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तुमी हाईसा म्हणून बरं हाय."

हे ऐकून एखादीला लाज वाटली असती. संयोगिताला उलट आपण फार मायेचं काम केलं असं वाटलं, आणि त्या दिवशी ती चांगली झोपली.

आठ तारखेला शालूबाई दूध घालायला आली तेव्हा म्हणाली, पोरगीला अंगात कणकण हाय, कोपराला हात लावू देत न्हाय. संयोगितानं तापाच्या गोळ्या दिल्या. "वात आला असंल, शेक द्या." अकरा तारखेला तेजस्वी स्वतः आली. चट्टा लालभडक झाला होता, सुजला होता. "काकू, लई ठणकतंय. सतराच्या आधी जाऊन येऊया का?"

"आता सहा दिवसांसाठी काय घाई करतीस? सायेब येणार हाईत, मोठं डॉक्टर. तितं दाखवलं म्हंजी एकदम चांगला इलाज हुतोय."

हे सांगताना संयोगिताला एकीकडून धाकधूक होत होतीच. पण त्याच दिवशी केंद्रावर कळलं की नजीरानं चौदा जणी तपासल्या आणि त्यात मेहक सापडली. खालच्या गल्लीतली मेहक. हिच्या भागात पहिली टिकली लागली ती नजीराच्या नावानं. मॅडमनी रेघसुद्धा ओढली होती. ती रेघ बघितली आणि संयोगिताच्या मनातली धाकधूक कुठल्या कुठं गेली. आता तर तेजस्वी सतरालाच. काय वाट्टेल ते होऊ दे.

पंधरा तारखेला सकाळी सहाला दार वाजलं. तेजस्वी उभी होती, कामाचा डबा डाव्या हातात.

"काकू, वेणी घालता येईना."

संयोगितानं तिचा उजवा हात हातात घेतला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं. "सरळ कर."

"हुईनात. काल मशीनवर कापडच धरता येईना. सारखं सुटालतं. सुपरवायझर म्हणाला, घरी जा." तिनं डाव्या हातानं ती दोन बोटं सरळ करून दाखवली. सोडली तशी ती परत वळली. "आसंच ऱ्हाणार का काकू?"

बाळासो चहाचा कप घेऊन मागं येऊन उभा होता. त्यानं पोरीच्या हाताकडं बघितलं, मग बायकोकडं. चौदा वर्षांच्या रजिस्टरात जे लिहिलं नसेल ते त्याला त्या तोंडावर वाचता आलं असावं. "आता कशाची वाट बघालाईस?" तो म्हणाला. "गाडीची किल्ली घे."

केंद्र उघडायच्या आधी दोघी पायरीवर बसल्या होत्या. मॅडम आल्या, मागोमाग नजीरा आली. मॅडमनी तेजस्वीचं कोपर दाबलं तशी ती पोरगी ओरडली. मॅडमनी बोटं तपासली, दोन बोटांत कागद धरायला लावला. मॅडमनी कागद नुसता ओढला आणि तो निघून आला. परत धरायला लावला, परत निघाला.

"शीर सुजलीय. किती दिवस दुखतंय?"

तेजस्वीनं संयोगिताकडं बघितलं. मग खाली बघितलं. "दोन दिस."

"नक्की?"

"व्हय."

काकूवर आळ येऊ नये म्हणून पोरगी खोटं बोलली. संयोगिताला ते कळलं आणि ती गप्प राहिली.

"दोनच दिवस म्हणजे वेळेत आलीस," मॅडमचा आवाज जरा सैल झाला. "कुष्ठरोगाच्या गोळ्या सुरू करू, आणि शिरेची सूज उतरवायच्या वेगळ्या गोळ्या इथूनच देते. आठ दिवसांनी परत बघू. आधीपासून दुखत असतं तर आजच्या आज मोठ्या दवाखान्यात पाठवलं असतं. तिथं हाताला पट्टी बांधतात, रोज शीर तपासतात. इलाज तेवढा लांबला तर बोटं परत येणं अवघड असतं." त्या लिहायला लागल्या आणि मधेच थांबल्या. "तू कागलच्या त्याच बसनं जातेस ना? मग यादीत कशी नाहीस? नजीराताई?"

नजीरानं घाईघाईनं वही उघडली. पानं उलटली. तिचा चेहरा पडला. "मॅडम, माझं चुकलं. अक्का नावं सांगत हुत्या, मी उभ्या उभ्या लिवत हुतो. माझ्याकडनंच सुटलं असंल." ती तेजस्वीकडं वळली. "माफ कर गं. मी आलो असतो तर चार तारखेलाच तुला बघितलं असतं."

"असं कसं सुटतं नजीराताई?" मॅडम चिडल्या. "एका नावाची किंमत काय असते बघा. आणि संयोगिताताईंनी स्वतःहून शोधली म्हणून निभावलं. ताई, शाब्बास. तुमच्या भागातली तुमची पहिली केस."

चार वर्षं शिकवलेली, सहा महिने डोळ्यात खुपलेली नजीरा समोर मान खाली घालून उभी होती आणि मॅडम हिला शाब्बास म्हणत होत्या. जे जे हवं होतं ते सगळं एका वाक्यात आलं. गोड लागलं. खरंच गोड लागलं. तेवढ्या एका घटकेला संयोगिताला वाटलं, राहू दे असंच. गोळ्या तर मिळाल्याच आहेत. आठ दिवसांनी बघणारच आहेत.

मॅडमनी कागदावर 'दोन दिवस' लिहून खाली रेघ मारली. तेजस्वी बाहीचं बटण लावायला बघत होती. उजव्या हाताची बोटं बटणावरून घसरत होती. एकदा घसरली, दुसऱ्यांदा घसरली. तिनं तिसऱ्यांदा लावलं नाही, हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडं बघत बसली.

"बारा दिस," संयोगिता म्हणाली.

"काय?"

"बारा दिस झालं दुखतंय, मॅडम. तीन तारखेला मीच बघितलो. चट्टा बी आणि शीर बी. मला ठावं हुतं." आता तोंड उघडलं होतं तर सगळं बाहेर पडत होतं. "नाव हिच्याकडनं सुटलं न्हाय. मी सांगितलंच न्हाय. सायबांच्या म्होरं माझ्या नावावर दावायची हुती. दरखेपेला हिचंच नाव हुतंय, मला बघवलं न्हाय. तुमी खुशाल नोकरीवरनं काढा, पर हिला आधी पाठवा."

मॅडमनी लिहिलेला कागद फाडला. दुसरा घेतला, भराभर लिहिला, फोन लावला, मोठ्या दवाखान्यात कुणालातरी 'बारा दिवस, उजवा हात' असं दोनदा सांगितलं. नोकरीबद्दल काही बोलल्या नाहीत. संयोगिताकडं बघितलंसुद्धा नाही, आणि ते शिव्यांपेक्षा वाईट होतं.

नजीरा वही मिटून उभी होती. "अक्का," ती एवढंच म्हणाली. "मला मागितलं असतं तर मी माझ्या चारी तुमच्या नावावर लिवून दिल्या असत्या की."

हे ती मनापासून म्हणत होती, त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर संयोगिताला उत्तर देता आलं असतं. आणि एवढं झाल्यावरसुद्धा तिच्या पोटात पहिली कळ आली ती हेव्याचीच, की हे असं बोलणं हिलाच कसं सुचतं.

"हात परत येईल का?" तेजस्वीनं विचारलं. विचारलं मॅडमना, काकूंना नाही.

"येईलही. लवकर इलाज झाला तर बऱ्याचदा येतो. पण मी शब्द देत नाही," मॅडम म्हणाल्या. "रिक्षा बोलावलीय. बरोबर कोण जाणार हिच्या?"

"मी जातो," संयोगिता पुढं झाली. पिशवी खांद्याला लावली, डबा उचलला. "तिची आई म्हशीकडं गेलीया, तिला मी फोन करून सांगतो. मी जन्मापास्नं बघालोय हिला."

तेजस्वी खुर्चीवरून उठली. संयोगिताच्या हातातला आपला डबा तिनं काढून घेतला, डाव्या हातानं. रागानं नाही, ओढून नाही. दुकानात चुकून दुसऱ्याची पिशवी उचलली तर आपण परत घेतो तसा. आणि ती जाऊन नजीराच्या शेजारी उभी राहिली.

"नजीराआपा, तुमी येताय न्हवं?"

"येतो की," नजीरा म्हणाली.

फाटकापाशी रिक्षा उभी होती. नजीरानं पोरीला आधी बसवलं, तिचा उजवा हात आपल्या ओढणीवर अलगद ठेवून घेतला. मग तिनं बाहेर डोकावून बघितलं. संयोगिता पायरीवर उभी होती.

"अक्का, तुमी बी चला. जागा हाय."

संयोगिता दोन पायऱ्या उतरली.

"नगं," आतून तेजस्वी म्हणाली.

रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं, कुणी आणखी येतंय का म्हणून. कुणी येत नव्हतं. त्यानं गिअर टाकला.